तेलासाठी बाटली आणताय? आधी लेबल काढा

आमच्या घाण्यावर बरेच ग्राहक घरच्याच काचेच्या बाटल्या घेऊन येतात, आम्हालाही तेच आवडतं. फक्त लेबल अर्धवट खरवडलेलं असलं की त्या चिकट्यावर तेलाचा ओघळ येतो, धूळ बसते आणि महिन्याभरात काळा थर तयार होतो.

घासायला बसण्याआधी डिंक कोणत्या जातीचा आहे ते बघा. लेबलाचा कोपरा कोमट पाण्याने दहा मिनिटं भिजवा. कागद फुगून सरकायला लागला, तर काम सोपं. प्लास्टिकच्या बादलीत कोमट पाणी घ्या, दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा (खाण्याचा नव्हे) विरघळवा आणि बाटली तासभर बुडवून ठेवा. लेबल बहुतेक वेळा अख्खं सुटून येतं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं वापरू नका, सोड्याने ते काळं पडतं. उकळतं पाणीही नको, थंड काच तडकते.

कागद निघाला, पण बोट अजून चिकटतंय? मग तो स्टिकरचा डिंक. याला पाण्यात रात्रभर ठेवलंत तरी तो ढिम्म हलत नाही. त्याला तेल लागतं. (तेलवाले हेच सांगणार, असं म्हणाल; पण तळणाचं उरलेलं तेलही चालतं!) आधी उरलेला कागद खरवडून काढा, नाहीतर तेल डिंकापर्यंत पोचत नाही. बाटली कोरडी पुसा, चमचाभर तेलात तेवढाच खाण्याचा सोडा कालवून लेप लावा आणि अर्ध्या तासाने जुन्या सुती फडक्याने गोल गोल चोळा. शेवटी भांड्यांच्या साबणाने धुवा. प्लास्टिकचं लेबल असेल तर हेअर ड्रायरने गरम करून कोपऱ्यापासून सावकाश ओढा.

तारेची घासणी वापरू नका, काचेवर चरे पडतात. काचेवरच छापलेली अक्षरं निघत नाहीत, ती राहू द्या.

रॉकेल किंवा थिनरने डिंक झटकन जातो हे खरं, पण वास बाटलीच्या तोंडाशी आणि झाकणाच्या रबराला धरून बसतो. अशी बाटली आम्ही भरत नाही. फिनाइल, अ‍ॅसिड किंवा कीटकनाशक ठेवलेली बाटली तर कितीही धुतलेली असली तरी आणू नका.

धुतल्यावर बाटली उपडी ठेवून निथळू द्या, मग तोंड वर करून दिवसभर उन्हात वाळवा. आत पाणी राहिलं तर तेल लवकर खवट होतं. म्हणून भरण्याआधी आम्ही प्रत्येक बाटली उजेडात धरून बघतो. ओली दिसली तर परत देऊ, रागावू नका.