ए पट्टा काळा की उजळ?

स्नायूच्या तंतूवर आडवे पट्टे असतात. मायोसिनच्या जाड तंतुकांचा तो ए पट्टा, नुसत्या ॲक्टिनच्या बारीक तंतुकांचा तो आय पट्टा. हे सगळ्यांना पाठ असतं. आय पट्ट्याच्या मधोमध असलेल्या झेड रेषेपाशी, ए पट्ट्याच्या मधल्या एच भागापाशी फारसं कुणी अडत नाही. अडतं ते एकाच प्रश्नाशी: ए पट्टा गडद की उजळ?

‘डार्कमध्ये ए, लाइटमध्ये आय’ ही पाठांतराची युक्ती मला मुळीच आवडत नाही. रंगवलेला काप साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर ती चालते. तोच स्नायू न रंगवता, एकमेकांशी काटकोनात लावलेल्या दोन ध्रुवकांमध्ये (एकाच दिशेत कंपणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या गाळण्यांमध्ये) ठेवला की चित्र उलटतं. ए पट्टे उजळतात, आय पट्टे काळे राहतात. आणि नावं पडली आहेत ती याच चित्रावरून! ए म्हणजे ॲनआयसोट्रॉपिक (दिशेनुसार गुण बदलणारा), आय म्हणजे आयसोट्रॉपिक (सगळ्या दिशांत सारखा). शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्न्स्ट ब्रुके यांनी १८५८ सालीच ध्रुवित प्रकाशातल्या स्नायूवर सविस्तर लिहून ठेवलं होतं.

साध्या प्रकाशात पार्श्वभूमी उजळ असते आणि रंग प्यायलेला भाग प्रकाश अडवतो. काटकोनातल्या ध्रुवकांत पार्श्वभूमीच काळी असते. जाड तंतुकं एकाच दिशेला दाटीने लागलेली असल्यामुळे त्यांच्या लांबीत कंपणारा प्रकाश आणि आडवा कंपणारा प्रकाश वेगवेगळ्या वेगाने जातात; हेच द्विअपवर्तन. त्यातून ध्रुवण बदलतं, आणि दुसऱ्या ध्रुवकातून तेवढाच प्रकाश निसटतो. (आय पट्टा अगदी शून्य नसतो, त्याच्यात हा गुण फार क्षीण असतो. नाव शब्दशः घेऊ नये.)

खात्री करायची तर सूक्ष्मदर्शकाचा मंच फिरवा. तंतू ध्रुवकाच्या अक्षाशी ४५ अंशात असताना ए पट्टे सर्वांत उजळ दिसतात. तंतू दोहोंपैकी कोणत्याही ध्रुवकाच्या अक्षाच्या रेषेत आला की ते विझतात, पूर्ण फेरीत चार वेळा. रंगाने गडद झालेला पट्टा मात्र कितीही फिरवला तरी गडदच राहतो. एवढी एक फेरी न घेता ‘या तंतूत द्विअपवर्तन नाही’ असं लिहून मोकळं होणारे पाहिले की जीव तळमळतो.

हा घोळ नुसत्या नावांचा नाही. स्नायू आखडताना ए पट्ट्याची रुंदी टिकते, आय पट्टा अरुंद होतो. १९५४ साली मांडलेली तंतुकं एकमेकांवरून सरकण्याची कल्पना यावरच उभी आहे. ध्रुवित प्रकाशातल्या चित्रात अरुंद होताना दिसतात ते काळे पट्टे. युक्तीवर विसंबून त्यांना ए म्हटलं, तर जाड तंतुकंच आखूड होतात असा निष्कर्ष निघतो.