साळावली: सांडवा आणि बुडीत गाव

भर पावसात दक्षिण गोव्यातले साळावली धरण काठोकाठ भरले की सांग्याच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. सगळ्यांना पाहायचा असतो तो सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट. त्याला दरवाजे नाहीत. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की आपोआप कडेवरून आत कोसळते. कड सरळ न ठेवता बदकाच्या चोचीसारखी वाकवली आहे, त्यामुळे थोड्या जागेत लांब कड मिळते आणि पुराचे पाणी झपाट्याने निघून जाते. माणसाने चाके फिरवायची वाट पाहावी लागत नाही. कठड्यापाशी उभे राहिले की तुषारांनी चष्मा दिसेनासा होतो, तरी मोबाइल काही खिशात जात नाहीत.

मूळ गरज होती नळाच्या पाण्याची आणि शेतीची. पोर्तुगीजांपासून गोवा मुक्त झाल्यावर मडगाव, वास्को ही शहरे वाढू लागली. पाऊस धो धो पडतो खरा, पण सह्याद्रीवरून उतरलेले पाणी बघता बघता समुद्राला मिळते आणि मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. म्हणून जुवारीच्या खोऱ्यातल्या साळावली नदीवर, सांग्याच्या डोंगराळ भागात पाणी अडवायचे ठरले. मातीचा भराव आणि दगडी बांधकाम अशी जोडबांधणी, लांबी सुमारे 1004 मीटर, उंची 42.7 मीटर, जलाशयाचा पसारा सुमारे 24 चौरस किलोमीटर. काम पुरते उरकायला 2000 साल उजाडले. दक्षिण गोव्यात आज नळ सोडला की बहुतेक ठिकाणी येते ते साळावलीचेच पाणी.

या पसाऱ्याखाली आलेल्या गावांत सर्वांच्या तोंडी असलेले नाव कुर्डीचे. दोन डोंगरांमधली वस्ती, मधून नदी, नारळ, काजू, फणस. देऊळ होते, चॅपेल होते, मशीदही होती. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म इथलाच, 1904 सालचा. आडनावातून गाव देशभर पोचले, पण ते कुठे आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते.

धरणाची गोष्ट सांगायला गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात आले होते. गाव जाईल, पण साऱ्या दक्षिण गोव्याचे भले होईल, असे त्यांचे म्हणणे. भाऊसाहेबांच्या शब्दाला तेव्हा वजन होते. 1980च्या दशकाच्या मध्यावर पाणी चढले आणि सहाशेहून अधिक कुटुंबे वाडे आणि वालकिणी इथल्या पुनर्वसन वसाहतींत गेली. जमीन मिळाली, भरपाई मिळाली. गंमत म्हणावी की चेष्टा, ज्या पाण्यासाठी गाव दिले ते पाणी सगळ्या विस्थापितांच्या नळाला आले नाही. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की टँकरची वाट पाहणे त्यांच्याही नशिबी आले.

पुरातत्त्वाच्या बाबतीत मात्र सरकारने हात आखडता घेतला नाही. कुर्डीचे कदंब राजांच्या काळातले महादेव मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने दगड न् दगड उतरवून, क्रमांक घालून धरणाजवळ पुन्हा उभारले. सांडवा पाहून परतणाऱ्यांपैकी फार थोडे तिकडे वळतात. माझ्या मते फेरी सार्थकी लागते ती तिथेच. जांभ्यात कोरलेली आडव्या पडलेल्या मातृदेवतेची प्रचंड मूर्तीही गावातून हलवून वेर्ण्याला, म्हाळसेच्या जुन्या देवळाच्या आवारात नेली.

सोमेश्वराचे देऊळ मात्र जागचे हलले नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी ओसरते, चिखलाला भेगा पडतात, घरांची जोती, तुळशीवृंदावने, वाळलेल्या झाडांचे काळे खुंट उघडे पडतात. त्या थोड्या दिवसांत वाडे-वालकिणीची माणसे गावात उतरतात. सोमेश्वराचा उत्सव होतो, ख्रिस्ती कुटुंबे आपल्या चॅपेलचे फेस्त, म्हणजे वार्षिक सण, करतात. नातवंडांना जोते दाखवून ‘हे आपले घर’ म्हणणारे आजोबा त्या गर्दीत हमखास दिसतात. अलीकडे तिथेही बाहेरच्या पर्यटकांची रीघ लागू लागली आहे. त्यांनी निदान देवळापाशी चपला काढाव्यात आणि जोत्यांवर चढून फोटो घेऊ नयेत, एवढे तरी पाळावे. जून लागला की पाणी पुन्हा चढू लागते आणि तिकडे जायची वाट बंद होते.