गाडी तुमची, पण विकायची नाही

२०१७च्या शेवटी फोर्डने आपल्याच एका गिऱ्हाइकाला कोर्टात खेचलं. गिऱ्हाईक होता कुस्तीपटू आणि अभिनेता जॉन सीना. साडेचार लाख डॉलरहून जास्त पैसे मोजून घेतलेली फोर्ड जीटी त्याने काही आठवड्यांतच विकून टाकली होती. करारात मात्र लिहिलं होतं, दोन वर्षं गाडी विकायची नाही. २०१८मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटलं. आपल्या पैशाची वस्तू आपण कधी विकायची हे दुकानदाराने सांगावं, हे कुणालाही खटकेल. पण या कलमामागे बरीच जुनी दुखणी आहेत.

१९६०च्या दशकात नेमका उलटा प्रश्न होता : जुनी झालेली रेसची गाडी कुणाच्या गळ्यात मारायची? फेरारीने १९६२ ते १९६४ या काळात २५० जीटीओच्या अवघ्या ३६ गाड्या बांधल्या. अमेरिकेत नवी गाडी १८,००० डॉलरला मिळे. दोन-तीन हंगाम उलटले, नवी गाडी शर्यतीत पुढे गेली, की जुनीची किंमत भंगाराच्या दोन पायऱ्या वर. यातली एक जीटीओ तर मालकाने टेक्सासमधल्या एका शाळेला देऊन टाकली होती. शाळेने ती विकली आणि १९७२मध्ये तिला ६,५०० डॉलर आले. पुढे बरीच वर्षं ती ओहायोत एका मोकळ्या रानात ट्रेलरवर ऊन-पाऊस खात उभी होती. तिच्याच एका बहिणीला २०१८मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलर मिळाले.

हा भाव हळूहळू चढत गेला असता तर आजचे करार बहुधा जन्मालाच आले नसते. तो चढला आणि कोसळला, आणि तेही पाच-सहा वर्षांत.

जुलै १९८७मध्ये फेरारीने चाळिसाव्या वर्षानिमित्त एफ४० दाखवली. आत गालिचा नाही, रेडिओ नाही. दार आतून उघडायला हँडलऐवजी नुसती केबल ओढायची. अंगावर रंग इतका पातळ, की उजेडात नीट पाहिलं तर खालच्या कार्बन फायबरच्या कापडाची वीण दिसते. गाडी नव्हे, नंबरप्लेट लावलेली शर्यतच. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला जगभरचे शेअर बाजार आपटले आणि पैसेवाले शेअर सोडून हाताला लागेल अशी वस्तू शोधू लागले. जपानात तर पैशाला पूरच आला होता. त्यात १४ ऑगस्ट १९८८ रोजी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी गेले, आणि म्हाताऱ्याच्या हयातीतली शेवटची गाडी म्हणून एफ४०भोवती वेगळंच वलय तयार झालं.

पुढे जे झालं त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : ऑन, म्हणजे ठरल्या भावाच्या वर मोजायचे पैसे. चेतकच्या बुकिंगसाठी वर्षानुवर्षं थांबलेल्या पिढीला तो समजावून सांगावा लागत नाही. स्कूटर हातात यायच्या आधी तिचा नंबर विकला जायचा आणि वापरलेली स्कूटर नव्यापेक्षा महाग मिळायची. फरक एवढाच, की चेतक दूध-भाजी आणायला लागत असे. एफ४०चं तसं काही नव्हतं. नायजेल मॅन्सल या फॉर्म्युला वन ड्रायव्हरची एफ४० दहा लाख पौंडांच्या आसपास गेल्याचं सांगतात. नव्या गाडीचा भाव याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी होता. १९८९मध्ये एका जीटीओला जपानी गिऱ्हाइकाने १ कोटी ३० लाख डॉलरच्या घरात पैसे दिले. फेरारीनेही हात आखडता घेतला नाही. ४००च्या आसपास निघणार म्हणून सांगितलेल्या एफ४० शेवटी १,३००च्या वर गेल्या.

या तेजीची खरी शिकार ठरली ती मात्र जग्वार. ऑक्टोबर १९८८मध्ये बर्मिंगहॅमच्या मोटर शोमध्ये त्यांनी एक्सजे२२० नावाचा नमुना ठेवला : बारा सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना ताकद, वर उघडणारी दारं. ५०,००० पौंड अनामत ठेवायची होती आणि पैसे घेऊन हजाराहून जास्त लोक आले. गाड्या साडेतीनशेच निघणार होत्या. यातल्या कितीजणांना खरंच गाडी चालवायची होती, हा प्रश्न त्या वेळी जग्वारला पडलेला दिसत नाही. भाव २,९०,००० पौंड, कर वेगळे. शिवाय महागाईप्रमाणे भाव वाढत जाईल अशी अट.

१९९२मध्ये गाडी हातात येईपर्यंत दोन गोष्टी घडल्या होत्या. जपानचा फुगा फुटून मंदी आली होती आणि गाडी बदलली होती. बारा सिलिंडरच्या जागी सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन आलं. त्याचं मूळ चक्क ऑस्टिन मेट्रो या छोट्या घरगुती गाडीच्या रॅलीच्या अवतारात. चारऐवजी दोनच चाकांना ताकद, दारं साधी, आणि भाव चढत चढत साडेचार लाख पौंडांच्या पुढे. इटलीतल्या नार्दोच्या ट्रॅकवर तिने ताशी ३४९ किलोमीटरचा वेग गाठला, तेव्हा तिच्यापेक्षा वेगवान गाडी बाजारात नव्हती. त्याने कुणाला काही फरक पडला नाही. ऑनवर विकता येणार नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकांना अचानक बारा सिलिंडरची आठवण झाली. माझी सहानुभूती इथे थोडी जग्वारकडे झुकते. तेजी टिकली असती तर सहा सिलिंडरबद्दल कुणी चकार शब्द काढला नसता. प्रकरण कोर्टात गेलं. अनेकांनी वर पैसे भरून करारातून सुटका करून घेतली. पावणेतीनशेच्या आसपास गाड्या बांधून १९९४मध्ये कारखाना थांबला, आणि शेवटच्या काही गाड्या पुढे बऱ्याच स्वस्तात काढाव्या लागल्या. त्याच १९९४च्या सुमारास जीटीओ ३० लाख डॉलरच्या आत मिळत होती.

मॅकलॅरन एफ१ याच मंदीत जन्मली. इंजिनाच्या खणाला उष्णता परतवण्यासाठी सोन्याचा पत्रा लावलेली, ५,४०,००० पौंडांची गाडी. ३०० बांधायचा बेत होता, १९९८पर्यंत सगळ्या मिळून १०६ निघाल्या. म्हणजे आज जिला दुर्मीळ म्हणतात ती गाडी मुळात गिऱ्हाईक न मिळाल्यामुळे दुर्मीळ झाली. २०२१मध्ये जेमतेम चारशे किलोमीटर चाललेली एक एफ१ लिलावात २ कोटी डॉलरच्या वर गेली.

कंपन्यांनी यातून घेतलेला धडा असा, की नुसता अनामतीचा आकडा पाहून गाड्या बांधायच्या नाहीत, गिऱ्हाईक पारखून घ्यायचं. फेरारीच्या मर्यादित गाड्या आज जुन्या, वारंवार घेणाऱ्या गिऱ्हाइकांनाच आधी दिल्या जातात. घेतलेली लगेच विकणाऱ्याला पुढची मिळेल याची खात्री नसते.

पोर्शेकडे आणखी एक हत्यार होतं, मग ते त्यांनी मुद्दाम उपसलं असो वा नसो. २०१६ची ९११ आर ही हाताने गिअर बदलायची, फक्त ९९१ गाड्यांची मालिका. अमेरिकेत नवी पावणेदोन-दोन लाख डॉलरची. पण वर्षभरात दहा-दहा लाख सांगणारे विक्रेते उभे राहिले. सप्टेंबर २०१७मध्ये पोर्शेने जीटी३ टूरिंग आणली. तसंच चार लिटरचं पाचशे अश्वशक्तीचं इंजिन, तोच हातचा गिअर, मागचा मोठा पंख नाही, आणि संख्येवर मर्यादाही नाही. आरचा भाव खाली आला.

फोर्डने यातला कोर्टाचा रस्ता निवडला, पण तो पुरला नाही. मे २०१८मध्ये इंडियानापोलिसच्या लिलावात आणखी एक नवी जीटी आली. ती विकणारा दुसरा मालक होता. दोन वर्षांच्या कलमावर सही पहिल्याची होती. लिलाव थांबवायला न्यायाधीशांनी नकार दिला आणि गाडी १८ लाख डॉलरच्या घरात गेली.