संत्र्याच्या बुंध्याशी साचलेलं पाणी

पावसानं चार दिवस उघडीप दिली, की वरुड-मोर्शी किंवा काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बगीच्यात बुंध्याजवळ वाकून पाहा. काही झाडांच्या सालीवर तांबूस डिंक ओघळलेला दिसेल. चाकूनं तिथली साल जराशी खरवडली, तर आत हिरवट-पांढऱ्याऐवजी तपकिरी, सडलेला भाग लागतो. हाच डिंक्या. भर पावसात डिंक धुऊन जातो, म्हणून रोग नजरेतून सुटतो.

याचं कारण फायटोप्थोरा. याला सरसकट बुरशी म्हणतात, पण त्याचं खरं नातं तपकिरी शेवाळांशी जास्त जवळचं. हा फरक शेतकऱ्याच्या फार कामाचा आहे, कारण याचे बीजाणू पोहतात! प्रत्येकाला दोन बारीक शेपट्या असतात. माती पाण्यानं तुडुंब भरली, की ते मुळांतून झिरपणाऱ्या द्रव्यांच्या मागावर निघतात आणि कोवळ्या मुळांत, बुंध्याच्या सालीत शिरतात. आपल्या भारी काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. त्यात एका आळ्यातलं पाणी पुढच्या आळ्यात सोडलं, तर आपणच रोग झाडाझाडाला पोचवतो.

झाड लगेच मरत नाही. पानांत तयार झालेली साखर सालीतून मुळांकडे जाते. साल सडली की ती वाट बंद होते, मुळं उपाशी राहतात. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, शेंडे वाळू लागतात. कधी कधी असं झाड अवेळी फुलांनी लदबदून जातं. त्या बहाराला भुलू नका, झाड आतून खचलेलं असतं.

म्हणून माझ्या मते औषधाआधी पाण्याची वाट बदलायला हवी. दुहेरी आळं करा: बुंध्याभोवती मातीचा एक आतला बांध, बाहेर दुसरा, आणि पाणी फक्त दोन्हींच्या मधल्या जागेत. ठिबक असेल तर तोट्या बुंध्यापासून लांब ठेवा. पावसाळ्याआधी उताराच्या दिशेनं चर काढा.

सडलेली साल निरोगी भाग लागेपर्यंत खरवडून काढावी, गोळा करून जाळावी आणि जागेवर बोर्डो पेस्ट लावावी. 1 किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) 5 लिटर पाण्यात, 1 किलो कळीचा चुना दुसऱ्या 5 लिटरमध्ये, मग दोन्ही एकत्र. भांडी प्लास्टिकची घ्या, कारण मोरचूद लोखंडाला खातं. पेस्ट जमली का, हे बघायला त्यात घासलेला खिळा मिनिटभर बुडवावा. खिळ्यावर लालसर तांब्याचा थर चढला, तर मोकळं मोरचूद शिल्लक आहे आणि ते सालीला भाजेल. अजून चुना घाला. हे तांबं झाडाच्या आत जात नाही, बाहेरूनच बीजाणू मारतं. म्हणून पेस्ट पावसाआधी बुंध्याला तीन फुटांपर्यंत लावायची, आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा.

नवा बगीचा लावणाऱ्यानं मात्र खुंटापासूनच, म्हणजे ज्या रोपावर संत्र्याचं कलम बांधतात त्यापासूनच, सावध व्हावं. जंभेरी आणि रंगपूर लाईम ही खुंटासाठी वापरली जाणारी लिंबाच्या जातीची झाडं; त्यांत जंभेरीपेक्षा रंगपूर लाईमचा खुंट या रोगाला अधिक तोंड देतो. कलमाचा डोळा खुंटावर वीतभर तरी उंच बांधलेला असावा, आणि लावताना तो जोड मातीत जाऊ देऊ नये. संत्र्याची साल या रोगाला फार लवकर बळी पडते. जोड गाडला गेला, की चांगला खुंट निवडूनही उपयोग होत नाही.