सिंगल्स चार्टमधील फेरपालट आणि डाउनलोड (ब्रिटन)

खपाच्या आकड्यांवरून दर आठवड्याला गाण्यांची क्रमवारी, म्हणजेच चार्ट, लावली जाते. तीत किती नवी गाणी शिरतात, किती जुनी गळतात आणि एखादे गाणे वर किती आठवडे मुक्काम करते, यांचा एकत्रित विचार या नोंदीत ‘फेरपालट’ या शब्दाने केला आहे. ब्रिटनमध्ये साधारण २००४ ते २०१४ या काळात सिंगल (स्वतंत्रपणे विकले जाणारे एकेक गाणे) सीडीऐवजी फाइलच्या रूपात विकले जाऊ लागले आणि फेरपालटाची गती व तऱ्हा दोन्ही बदलल्या. डाउनलोडमुळे चार्ट मंदावला असे सरसकट म्हटले जाते. पहिल्या तीन-चार वर्षांपुरते ते खरे आहे. पुढच्या वर्षांना ते लागू पडत नाही.

गणनेचा आरंभ व त्याविषयीचा वाद. ब्रिटनमधील पहिला चार्ट ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाने १४ नोव्हेंबर १९५२ रोजी छापला. पर्सी डिकिन्स यांनी वीसेक दुकानांना फोन करून कोणती तबकडी जास्त खपली ते विचारून घेतले आणि त्यावरून यादी केली. क्रमांक बारा होते; काही क्रमांकांवर बरोबरी झाल्याने तबकड्या पंधरा झाल्या. अल मार्टिनो यांचे ‘हिअर इन माय हार्ट’ पहिले आले आणि नऊ आठवडे तिथेच राहिले. (रेडिओ सिलोनवरील बिनाका गीतमालाही १९५२ च्याच अखेरीस सुरू झाली. दोहोंचा परस्परसंबंध नाही; पण दुकानातील खप कानावर घेऊन गाण्यांना पायऱ्या लावण्याची कल्पना मराठी श्रोत्यांना तिच्यामुळे परिचित आहे.)

१९६० नंतरचा अधिकृत चार्ट कोणता, यावर मतभेद आहेत. नंतरच्या संदर्भग्रंथांनी मार्च १९६० पासून ‘रेकॉर्ड रिटेलर’ या व्यापारी पत्राची यादी प्रमाण धरली आणि आजचा अधिकृत इतिहासही तीच धरतो. परंतु त्या दशकातील सामान्य वाचक ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ किंवा ‘मेलडी मेकर’ पाहत असे आणि बीबीसी अनेक याद्यांची सरासरी काढून स्वतःची यादी करी. बीटल्सचे ‘प्लीज प्लीज मी’ (१९६३) हे याचे नेहमीचे उदाहरण आहे: ते वरील दोन्ही साप्ताहिकांत पहिले होते, ‘रेकॉर्ड रिटेलर’मध्ये मात्र दुसऱ्याच क्रमांकावर थांबले. एकाच आठवड्याच्या याद्यांत एवढा फरक असेल, तर त्या काळातील गाण्यांची ये-जा नंतरच्या आकड्यांशी ताडून पाहण्यात फारसा अर्थ उरत नाही. फेब्रुवारी १९६९ मध्ये ब्रिटिश मार्केट रिसर्च ब्यूरोने बीबीसी व ‘रेकॉर्ड रिटेलर’ यांच्यासाठी एकच चार्ट करायला घेतला. दुकानदार विक्रीच्या डायऱ्या हाताने भरून टपालाने पाठवीत. १९८३ मध्ये हे काम गॅलप या सर्वेक्षण संस्थेकडे गेले आणि हळूहळू दुकानांतील यंत्रांकडून आकडे येऊ लागले. तुलनेचा पाया म्हणून १९६९ बरा. १९८३ नंतरचा काळ त्याहून भरवशाचा.

मोजणी नोंद देणाऱ्या दुकानांपुरतीच होती, ही गोष्टही ध्यानात ठेवावी लागते. ब्रिटनमधील दक्षिण आशियाई वस्त्यांत भांगड्याच्या कॅसेट ज्या किराणा-कापडाच्या दुकानांतून खपत, ती दुकाने या नोंदीत नव्हती. तो खप चार्टमध्ये जवळजवळ उमटलाच नाही.

सीडीचा उत्तरकाळ. १९९० च्या दशकात कंपन्यांची एक रीत ठरून गेली. गाणे दुकानात येण्याआधी कित्येक आठवडे रेडिओवर वाजवायचे आणि पहिल्या आठवड्यात सीडी सवलतीत विकायची. साचलेली सगळी मागणी त्या एका आठवड्यात फुटे. गाणे ज्या क्रमांकावर शिरे तोच त्याचा सर्वोच्च क्रमांक ठरे आणि पुढच्या आठवड्यापासून घसरण सुरू होई. १९५८ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीचे ‘जेलहाउस रॉक’ थेट पहिल्या क्रमांकावर शिरले तेव्हा ते अप्रूप होते. २००० च्या सुमारास ती आठवड्याची बाब झाली. २००० या एका वर्षात चाळीसहून अधिक गाणी अव्वल ठरली. याच दशकात ब्रायन ॲडम्स यांचे गाणे सलग १६ आठवडे (१९९१) आणि वेट वेट वेट या गटाचे १५ आठवडे (१९९४) अव्वल राहिले, पण ते अपवाद होत. पुढे सिंगल-सीडीचा बाजारच आटला. २००३ मध्ये देशातील सिंगलची एकूण विक्री सुमारे ३ कोटींवर आली. जानेवारी २००५ मध्ये ब्रिटनचे हजारावे अव्वल गाणे ठरले, तेही एल्व्हिसच्या जुन्या तबकडीचे पुनर्प्रकाशन होते.

नियमांतील बदल. फेरपालटाचा उलगडा नियमांच्या तपशिलात आहे, म्हणून तो येथे विस्ताराने दिला आहे. ॲपलचे आयट्यून्स दुकान ब्रिटनमध्ये जून २००४ मध्ये उघडले; एक गाणे ७९ पेन्सला मिळे. त्याच वर्षी १ सप्टेंबरला डाउनलोडचा स्वतंत्र चार्ट सुरू झाला. एप्रिल २००५ पासून डाउनलोड मुख्य चार्टमध्ये धरले जाऊ लागले, पण गाण्याची सीडी किंवा तबकडी दुकानात उपलब्ध असली पाहिजे, अशी अट होती. सीडी विकणाऱ्या दुकानदारांचे हित तीमागे होते. गोरिलाझ या गटाने ‘फील गुड इंक.’ची तबकडी केवळ काहीशे प्रतींत आधी काढून ही अट पुरी केली आणि मुख्य प्रकाशनापूर्वीच डाउनलोडच्या बळावर चार्टमध्ये जागा मिळवली.

मार्च २००६ मध्ये अट सैल झाली: सीडी येण्याच्या एक आठवडा आधीचे डाउनलोडही मोजायचे ठरले. लगेच २ एप्रिलच्या चार्टमध्ये नार्ल्स बार्कली या जोडगोळीचे ‘क्रेझी’ सुमारे ३१ हजार डाउनलोडच्या जोरावर पहिले आले. दुकानात तेव्हा त्याची एकही सीडी नव्हती. केवळ डाउनलोडवर अव्वल ठरलेले हे पहिले गाणे. ते नऊ आठवडे तिथे राहिले. १९९४ नंतर इतका लांब मुक्काम कुणाचा झाला नव्हता. नंतर त्याची सीडी बाजारातून काढून घेतली गेली. सीडी बंद झाल्यावर दोन आठवड्यांनी गाणे चार्टमधून वगळण्याचा नियम होता, त्यामुळे लोक विकत घेत असतानाच ‘क्रेझी’ वरच्या क्रमांकांतून एकदम नाहीसे झाले. त्या आठवड्यांचा चार्ट शेजारी ठेवून पाहिला की नियम आणि खप यांची फारकत स्पष्ट दिसते.

१ जानेवारी २००७ पासून सीडीची अट पूर्णपणे गेली.

परिणाम. सर्वांत ठळक बदल वरच्या क्रमांकांत न होता मधल्या-खालच्या क्रमांकांत झाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. दुकानातील फळीवर जागा मोजकी असते; मागच्या महिन्याची सीडी उचलून तिथे नवी ठेवावी लागते. फाइलला फळी लागत नाही. स्नो पेट्रोल या गटाचे ‘चेसिंग कार्स’ २००६ च्या उन्हाळ्यात आले होते. जानेवारी २००७ मध्ये, नियम बदलताच, ते पुन्हा नवव्या क्रमांकावर उगवले. पुढे येत-जात त्याने पहिल्या ७५ मध्ये शंभरहून अधिक आठवडे काढले. सीडीच्या काळात असा मुक्काम जवळजवळ अशक्य होता.

जुनी गाणीही परत येऊ लागली. मराया कॅरी यांचे १९९४ चे नाताळगीत डिसेंबर २००७ मध्ये चौथ्या क्रमांकावर आले आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात परतते. डिसेंबर २००८ मध्ये ‘हालेलुया’ या एकाच रचनेच्या तीन आवृत्त्या एकदम चार्टमध्ये होत्या: अलेक्झांड्रा बर्क पहिल्या, जेफ बक्ली दुसऱ्या आणि मूळ रचनाकार लिओनार्ड कोहेन ३६ व्या क्रमांकावर. बर्क यांची आवृत्ती ऐकून श्रोते मुळाकडे गेले आणि त्याच दिवशी ते विकत घेऊ शकले. एका साध्या सोयीने गीताचा वंशवृक्षच चार्टवर उमटला. मायकल जॅक्सन यांच्या निधनानंतर (जून २००९) त्यांची गाणी झुंडीने परतली. त्याच वर्षीच्या नाताळात चाहत्यांच्या मोहिमेने रेज अगेन्स्ट द मशीन या गटाचे ‘किलिंग इन द नेम’ हे १९९२ चे गाणे पाच लाखांवर डाउनलोडनिशी पहिल्या क्रमांकावर नेले. एका आठवड्यात येऊन जाणाऱ्या अशा उसळ्यांनी फेरपालट वाढला. दीर्घ मुक्कामांनी तो घटला. दोन्ही एकाच सोयीतून आले.

अव्वल क्रमांकाची गती. २००७ मध्ये अव्वल गाण्यांची संख्या विसाच्या आत आली. रिहानाचे ‘अम्ब्रेला’ दहा आठवडे वर होते. येथवर प्रचलित मत टिकते. पण २०१४ मध्ये ही संख्या पुन्हा तिसाच्या वर गेली, आणि एकूण विक्री तर त्याआधी दोनच वर्षे, २०१२ मध्ये, भरात होती (सुमारे १८.९ कोटी). कारण बहुधा प्रकाशनाच्या रीतीत आहे. रेडिओवर आधी वाजवून विक्री रोखून धरण्याची जुनी रीत डाउनलोडच्या काळातही पुरती गेली नाही. २०११ च्या आरंभी दोन मोठ्या कंपन्यांनी रेडिओ व विक्री एकाच दिवशी सुरू करण्याचे जाहीर केले. पुढे तो निर्धार सैल पडला. रोखून ठेवलेली मागणी पहिल्या आठवड्यात फुटते, मग माल सीडी असो वा फाइल. म्हणून अव्वल क्रमांकाची गती ठरविण्यात माध्यमापेक्षा प्रकाशनाची वेळ अधिक निर्णायक मानणे सयुक्तिक ठरेल.

अमेरिकेत चित्र वेगळे दिसते. बिलबोर्ड या संगीतविषयक पत्राच्या ‘हॉट १००’ चार्टमध्ये रेडिओचे वादनही मोजले जाते आणि डाउनलोड फेब्रुवारी २००५ पासून धरले गेले. गाणे आधी वादनावर तळाशी शिरे आणि विक्री खुली होताच एका उडीत वर जाई. केली क्लार्कसन यांचे एक गाणे २००९ मध्ये ९७ वरून थेट पहिल्या क्रमांकावर गेले.

स्ट्रीमिंगनंतर. जुलै २०१४ पासून ब्रिटनमध्ये १०० स्ट्रीम (गाणे विकत न घेता इंटरनेटवरून ऐकण्याच्या खेपा) म्हणजे एक विक्री असे धरले गेले. जानेवारी २०१७ मध्ये हे प्रमाण १५० झाले. ड्रेक यांचे ‘वन डान्स’ २०१६ मध्ये १५ आठवडे अव्वल राहिले. मार्च २०१७ मध्ये एड शीरन यांची १६ गाणी पहिल्या विसात होती. त्यानंतर जुलैपासून एका मुख्य कलाकाराची तीनच गाणी धरण्याचा आणि बरेच आठवडे रेंगाळून घसरणीला लागलेल्या गाण्याचे स्ट्रीम कमी दराने मोजण्याचा नियम आला. २००७ पर्यंत गाण्यांना आत येऊ देण्यासाठी नियम सैल होत गेले होते. दहा वर्षांनी ते गाण्यांना बाहेर काढण्यासाठी करावे लागले.