ऑस्ट्रेलियाच्या रग्बीपटूला परदेशी क्लबात जायचं असेल तर: ना-हरकत, पात्रता आणि कागदपत्रं

ऑस्ट्रेलियाचे चांगले रग्बीपटू फ्रान्स, इंग्लंड नाहीतर जपानच्या क्लबात निघून गेले की हमखास विचारलं जातं, "अहो, पण बोर्ड त्यांना सोडतंच कसं?" क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. आपल्याकडे निवृत्त न झालेल्या पुरुष क्रिकेटपटूला बीसीसीआय परदेशी टी-20 लीगसाठी ना-हरकत देत नाही, विषय संपला. रग्बीत तशी सोय नाही. करार पूर्ण झालेल्या खेळाडूला डांबून ठेवेल असा एकही कागद रग्बी ऑस्ट्रेलियाकडे, म्हणजे तिथल्या बोर्डाकडे, नाही. जाण्याच्या दाराला कुलूप लावता येत नाही म्हणून त्यांनी ते परत येण्याच्या दाराला, म्हणजे वॉलबीज या राष्ट्रीय संघाच्या सोनेरी जर्सीला लावलं. खालची सगळी प्रक्रिया हे लक्षात ठेवून वाचली तर नीट उलगडते.

ना-हरकत: कोणाला लागते, कशी मिळते

एका देशाच्या रग्बी युनियनकडे (म्हणजे राष्ट्रीय संघटनेकडे) नोंद असलेला खेळाडू दुसऱ्या देशात खेळणार असेल तर वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या नियम क्रमांक 4 प्रमाणे त्याला मूळ युनियनची मंजुरी लागते. इंग्रजीत तिला क्लिअरन्स म्हणतात, आपण ना-हरकत म्हणू. ती नसेल तर नवी युनियन त्याला मैदानात उतरवू शकत नाही, क्लबने पैसे मोजले असले तरी. ही अट फक्त पगारी खेळाडूंना आहे असं समजू नका. शनिवारी हौसेने खेळणारा विद्यार्थी सिडनीहून लंडनला गेला आणि तिथल्या क्लबात नाव घातलं, तर त्यालाही हाच फॉर्म भरावा लागतो.

फॉर्म दिसायला अगदी साधा. खेळाडूचं नाव, जन्मतारीख, सध्याचा क्लब आणि युनियन, नवा क्लब आणि युनियन, खेळाडूची सही. त्यानंतर येतो तो महत्त्वाचा भाग: मूळ युनियनने लिहून द्यायचं की या खेळाडूची कराराची काही देणी शिल्लक आहेत का, आणि तो शिस्तभंगाची बंदी भोगतो आहे का. नकार देण्याची मुख्य कारणं हीच दोन. "हा आमचा हुकमी फॉरवर्ड आहे, तो गेला तर संघाचं वाटोळं होईल" हे कारण लिहायला फॉर्मवर रकाना नाही. बंदी शिल्लक असेल तर ती खेळाडूबरोबर नव्या देशात जाते. उरलेले सामने तिथे बाहेर बसून काढायचे.

लोक अडकतात ते तारखांत. ऑस्ट्रेलियातले राज्य संघ जिच्यात खेळतात त्या सुपर रग्बीचा हंगाम जूनच्या आसपास संपतो, फ्रान्सची टॉप 14 ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते, जपानची लीग वन डिसेंबरमध्ये. ऑस्ट्रेलियातला करार वर्षअखेरपर्यंत असेल आणि फ्रेंच क्लबला माणूस ऑगस्टमध्ये हवा असेल, तर आधी रग्बी ऑस्ट्रेलिया आणि राज्याच्या संघाकडून मुदतीआधी सोडल्याचं पत्र घ्यावं लागतं. ते हातात येईपर्यंत ना-हरकतीचा अर्ज पुढे सरकत नाही. एजंटची खरी कसोटी इथे लागते, पगाराच्या आकड्यात नव्हे.

फाइलमध्ये काय काय ठेवायचं

मूळ करार आणि त्यातल्या सगळ्या दुरुस्त्या, सोडल्याचं पत्र, नव्या क्लबाचा सही झालेला करार, पासपोर्ट, वैद्यकीय अहवाल (डोक्याला मार लागल्याच्या नोंदींसकट, कारण नवा क्लब त्या पहिल्यांदा मागतो). शिवाय आई-वडील आणि आजी-आजोबांचे जन्मदाखले. शेवटची वस्तू वाचून हसू येईल, पण ती दोन ठिकाणी कामाला येते. आजी किंवा आजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले असतील तर कॉमनवेल्थ नागरिकाला वंशाच्या आधारावर ब्रिटनचा व्हिसा मागता येतो. दुसरं ठिकाण पुढे येईलच.

वंशाचा आधार नसेल तर इंग्लंडसाठी आंतरराष्ट्रीय खेळाडूचा व्हिसा लागतो. त्यासाठी खेळाच्या नियामक संस्थेची शिफारस आणि क्लबाचं प्रायोजकत्व हवं. फ्रान्समध्ये व्हिसापेक्षा मोठी अडचण जिफ नावाच्या नियमाची आहे. तिथल्याच प्रशिक्षण व्यवस्थेत घडलेले खेळाडू प्रत्येक क्लबाला ठराविक संख्येने खेळवावे लागतात, त्यामुळे बाहेरच्यांसाठी जागा मोजक्या. जपानमध्ये दुसऱ्या देशाकडून कसोटी (रग्बीत दोन देशांमधला सामना) खेळलेल्यांचा गट वेगळा असतो आणि मैदानावर त्यांची संख्या मर्यादित ठेवली जाते. म्हणजे वॉलबीज असणं ही तिथे किंमत वाढवणारी गोष्टही आहे आणि जागा अडवणारीही.

एक बारीकसारीक वाटणारी बाब सांगून ठेवतो. ऑस्ट्रेलियन विद्यापीठाचं हेल्प हे शैक्षणिक कर्ज डोक्यावर असेल आणि 12 महिन्यांत 183 दिवस किंवा जास्त परदेशात राहायचं असेल, तर निघाल्यापासून 7 दिवसांत कर कार्यालयाला कळवणं बंधनकारक आहे. पंचविशीतल्या पोराच्या हे ध्यानीमनीही नसतं.

सोनेरी जर्सीची पात्रता

2015 पर्यंत नियम सरळ होता: परदेशी क्लबात असाल तर वॉलबीज विसरा. मॅट गिटो 2011 च्या विश्वचषक संघातून वगळला गेला, तूलाँ या फ्रेंच क्लबाकडे गेला आणि तिथे युरोपचा चषक लागोपाठ तीन वर्षं जिंकला. युरोपातला अव्वल मधल्या फळीचा खेळाडू ऑस्ट्रेलियाचाच, आणि तो ऑस्ट्रेलियालाच चालत नाही, असा तो प्रकार. एप्रिल 2015 मध्ये नियम सैल केला गेला: 60 कसोट्या आणि ऑस्ट्रेलियन रग्बीशी करारात काढलेली किमान 7 वर्षं, या दोन्ही अटी पूर्ण केलेला खेळाडू परदेशातून निवडता येईल. गिटोच्या तेव्हा 92 कसोट्या झाल्या होत्या. नियमाला त्याचंच नाव चिकटलं. पुढचे दोन हंगाम ऑस्ट्रेलियात खेळण्याचा करार करून परतणाऱ्यालाही लगेच पात्र धरलं गेलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोचला. गिटो पहिल्याच सत्रात डोक्याला मार लागून बाहेर गेला आणि न्यूझीलंड 34-17 असं जिंकलं.

60 हा आकडा हवेतून आलेला नाही. वर्षाला बारा-चौदा कसोट्या धरल्या, मधल्या दुखापती आणि वगळणं धरलं, तर विशीत सुरुवात करणारा खेळाडू तिथवर पोचेपर्यंत तिशीच्या उंबरठ्यावर येतो. ज्यांची उमेदीची वर्षं देशात खर्च झाली त्यांना बाहेर कमवू द्यायचं आणि तरण्यांना दारात अडवायचं, असा हिशेब. माझ्या मते हिशेब चोख होता, पण तो एका गटाला लागूच पडत नाही. जो खेळाडू आपल्या जागेसाठी राष्ट्रीय संघात तिसरा-चौथा आहे, त्याला जर्सीची धमकी देऊन काय उपयोग? ती त्याला तशीही मिळणार नव्हती. त्याच्यासाठी प्रश्न पगाराचा आणि संघात जागा आहे का एवढाच. 2024 च्या हंगामानंतर सुपर रग्बीतला मेलबर्न रेबल्स हा संघ बंद झाला. कॅनबेरा, क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स आणि पर्थ असे चारच संघ उरले, म्हणजे पाचव्या हिश्श्याच्या जागा एका झटक्यात गेल्या.

विल स्केल्टनचं उदाहरण पाहा. दोन मीटरहून उंच, वजन 140 किलोच्या आसपास. 18 कसोट्या झालेल्या असताना तो इंग्लंडमधल्या सॅरसेन्सकडे गेला, म्हणजे 60 च्या नियमाने बाद. तिथे आणि नंतर फ्रान्सच्या ला रोशेल क्लबात त्याने युरोपचा चषक जिंकला. 2021 मध्ये नियमाला मुरड घालून त्याला परत बोलावलं गेलं. 2022 मध्ये अटच 30 कसोट्या किंवा 5 वर्षांची सेवा अशी खाली आली, सोबत बाहेरच्या तिघांचीच मर्यादा. आणि 2023 च्या विश्वचषकात हाच स्केल्टन ऑस्ट्रेलियाचा कर्णधार! त्यानंतर प्रशिक्षक जो श्मिट यांनी देशात खेळणाऱ्यांना प्राधान्य आणि गरज पडली तर बाहेरचा, असं धोरण ठेवलं. 2025 मध्ये ब्रिटन-आयर्लंडच्या संयुक्त संघाविरुद्ध, म्हणजे ब्रिटिश अँड आयरिश लायन्सविरुद्ध, स्केल्टन पुन्हा खेळलाच. तेव्हा कागदावरचा आकडा पाठ करून गणित मांडत बसू नये. निवड समितीला माणूस हवा असला की आकडा वाकतो.

दक्षिण आफ्रिकेने ही भानगडच सोडून दिली. जगात कुठेही खेळा, चांगले असाल तर निवडू म्हणाले आणि 2019 व 2023 चे विश्वचषक नेले. न्यूझीलंडने मात्र देशात खेळण्याची अट धरून ठेवली आहे.

जाऊनही न जाण्याची वाट

करारातच एक हंगाम परदेशी खेळण्याची सुट्टी लिहून घेता येते. सबॅटिकल म्हणतात तिला. डेव्हिड पोकॉकने 2017 ची सुट्टी अशीच घेतली आणि जपानात पॅनासोनिक कंपनीच्या संघाकडून खेळला. मायकल हूपर 2021 मध्ये तिथेच टोयोटाच्या संघाकडे जाऊन आला. यासाठी वेगळा अर्ज नसतो, दीर्घ कराराच्या वाटाघाटीतच हे कलम मागायचं. ते मिळतं कोणाला? ज्याला गमावणं परवडत नाही त्यालाच. राज्य संघाच्या पगारावर रग्बी ऑस्ट्रेलिया जी भर घालते, तो टॉप-अप, त्याचंही तेच.

आणि घराशेजारच्या पळवाटेवर यातलं काहीच चालत नाही. रग्बी लीग हा वेगळा खेळ, वेगळी संघटना. मार्क नवाकानिटवासे 2024 च्या ऑलिंपिकनंतर रग्बी लीगच्या सिडनी रूस्टर्स क्लबाकडे गेला तो शहर न सोडता.

पासपोर्ट वेगळा, पात्रता वेगळी

नियम क्रमांक 8 प्रमाणे त्या देशात जन्म, आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणाचा जन्म, किंवा सलग 60 महिने तिथल्या युनियनकडे नोंदणी, यातलं एक पुरतं. नागरिकत्व लागत नाही. क्वेड कूपर न्यूझीलंडमध्ये जन्मला, किशोरवयात ब्रिस्बेनला आला, ऑस्ट्रेलियाकडून 70 कसोट्या खेळला, तरी त्याचा नागरिकत्वाचा अर्ज पुन्हा पुन्हा फेटाळला गेला. कारण काय, तर सामन्यांसाठी आणि क्लबांसाठी तो देशाबाहेर फार दिवस राहिला! 2021 मध्ये त्याने नकाराचं पत्र जाहीर केलं. सप्टेंबरमध्ये नियम बदलला आणि त्याच महिन्यात त्याने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध शेवटच्या क्षणी पेनल्टी मारून 28-26 असा सामना जिंकून दिला.

आजीच्या जन्मदाखल्याचं दुसरं काम इथे आहे. 1 जानेवारी 2022 पासून, एका देशाकडून खेळलेला खेळाडू 36 महिने आंतरराष्ट्रीय सामन्यांपासून दूर राहिला, तर एकदाच जन्माच्या किंवा पूर्वजांच्या देशाकडून खेळू शकतो. इस्राएल फोलाऊ आणि अ‍ॅडम कोलमन असेच टोंगाकडे गेले, क्रिस्टियन लेआलीफानो सामोआकडे. सोनेरी जर्सीच्या कुलपाला ही दुसरी किल्ली आहे, त्यामुळे पॅसिफिक बेटांशी नातं असलेल्या खेळाडूला ती जर्सी गमावण्याची भीती आता पूर्वीइतकी राहिलेली नाही.

परत यायचं झालं तर

परदेशी क्लबात असतानाही ठरलेल्या आंतरराष्ट्रीय आठवड्यांत आणि विश्वचषकासाठी क्लबाला खेळाडू सोडावाच लागतो, नियम क्रमांक 9 तसं सांगतो. त्या आठवड्यांबाहेरचा कसोटी सामना असेल तर क्लब नाही म्हणू शकतो. नवा परदेशी करार करतानाच यावर एक ओळ लिहून घ्यावी, नंतर विनवण्या करून मिळत नाही.

2027 चा विश्वचषक ऑस्ट्रेलियातच आहे, त्यामुळे परतीचे करार करू पाहणारे बरेच निघतील. त्यांना भरायचा फॉर्म तोच: जुन्या क्लबाच्या रकान्यात फ्रान्स किंवा जपान, नव्याच्या रकान्यात ऑस्ट्रेलिया, आणि देणी शिल्लक नाहीत हे लिहून देणारी सही या वेळी पॅरिसची नाहीतर टोकियोची.