टाळेबंदीत कोणतं काम ‘अत्यावश्यक’ धरलं जातं? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सांगली, मिरज, तासगाव आणि कवठेमहांकाळ परिसरातल्या दूधसंस्था, औषध दुकानदार, बेदाण्याची कोल्ड स्टोरेज, बर्फ कारखाने आणि घरगुती ग्राहक यांच्यासाठी हे पत्रक काढलं आहे. आमचं काम थंडाव्याच्या यंत्रांची देखभाल आणि दुरुस्ती. कोरोनाच्या काळात तुमच्यापैकी बहुतेकांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला: “तुमचा माणूस येऊ शकतो का?” आज कसलीही टाळेबंदी नाही. राज्यातले कोरोनाचे निर्बंध २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला उठले. पण पुन्हा तशी वेळ आली तर उत्तर शोधायला तेव्हा वेळ मिळणार नाही, म्हणून आत्ताच लिहितो आहोत.

यादी कोण ठरवतं?

२०२० मध्ये केंद्राने आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ वापरला. राज्याने त्याच्या जोडीला १८९७ चा साथरोग कायदा वापरला. त्यांच्याखाली निघालेल्या आदेशांमध्ये काय सुरू आणि काय बंद ते लिहिलेलं होतं. बरेच ग्राहक १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याचा दाखला देतात. तो साठेबाजी आणि भाव यांच्यासाठी आहे. मार्च २०२० मध्ये मास्क आणि सॅनिटायझर त्यात घातले गेले, तेही याच कारणासाठी. मेस्मा, म्हणजे राज्याचा अत्यावश्यक सेवांचा कायदा, कर्मचाऱ्यांच्या संपाबद्दल आहे. टाळेबंदीत दुकान उघडायचं की नाही, हे या दोन्ही कायद्यांवरून ठरत नाही.

केंद्राच्या यादीवर राज्याची, आणि राज्याच्या यादीवर जिल्हाधिकारी किंवा आयुक्तांची, असे आदेश एकावर एक येतात. २०२० मध्ये खालच्यांना वरच्यापेक्षा जास्त कडक होता येत होतं, सैल नाही. मे २०२१ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात काही ठिकाणी किराणाही फक्त घरपोच मिळत होता, हे तुम्हाला आठवत असेल. म्हणून राज्याची यादी वाचून थांबू नका, जिल्ह्याचा आदेश बघा. आणि तारीख बघा. जुने आदेश आता संपले आहेत, पुढच्या वेळी नवीनच निघतील.

पाटी नव्हे, काम

२४ मार्च २०२०च्या केंद्राच्या आदेशात किराणा, भाजी, दूध, मासे-मटण, पशुखाद्य, बँका, पेट्रोलपंप यांच्यासोबत कोल्ड स्टोरेज आणि गोदामं स्पष्ट लिहिलेली होती. त्यातलं यंत्र बंद पडलं तर दुरुस्त कोण करणार, ते लिहिलेलं नव्हतं. २९ मार्चला केंद्रीय गृह सचिवांनी राज्यांना कळवलं, की दुधाचं संकलन आणि वितरण, अगदी त्याच्या पॅकिंगच्या सामानासकट, चालू राहिलं पाहिजे. १५ एप्रिलच्या आदेशाने इलेक्ट्रिशियन, प्लंबर, मोटार मेकॅनिक, सुतार यांना २० एप्रिलपासून प्रतिबंधित क्षेत्राबाहेर काम करायला मुभा दिली. फ्रिज मेकॅनिकचा उल्लेख तिथेही नाही.

आमच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा आदेश महाराष्ट्राचा, १३ एप्रिल २०२१चा. त्यात तत्त्वच सांगितलं आहे: अत्यावश्यक सेवेसाठी जे सामान किंवा जी सेवा लागते, तीही अत्यावश्यकच. आणि सेवा अत्यावश्यक आहे की नाही हे ती कोण देतं यावर अवलंबून नाही. आमच्या मते हीच खरी कसोटी आहे. पुढच्या आदेशात हे वाक्य असेल की नाही ते आज कोणी सांगू शकत नाही, पण आम्ही आमचं काम याच कसोटीवर लावणार आहोत.

आमच्या कामाला ही कसोटी कशी लागते?

दूधसंस्थेचा बल्क कूलर, म्हणजे गोळा केलेलं दूध थंड ठेवणारी मोठी टाकी घ्या. धारेचं दूध ३५ अंशांच्या आसपास येतं, ते लवकरात लवकर ४ अंशांवर न्यावं लागतं. संध्याकाळचं संकलन टाकीत पडलं आणि काँप्रेसर बसला, तर सकाळी टँकर येईपर्यंत दूध नासतं. नुकसान एका संस्थेचं नसतं, दूध घालणाऱ्या प्रत्येक घराचं असतं. असं काम आलं तर आमचा माणूस रात्रीही निघेल.

फोन करण्याआधी मात्र तीन गोष्टी बघून ठेवा: तिन्ही फेज आहेत का, सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादी फेज गेली की मोटर बंद करणारं उपकरण) पडला आहे का, आणि कंडेन्सरची (यंत्रातली उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाची) जाळी धुळीने बुजली आहे का. कमी व्होल्टेजमुळे यंत्र बंद पडलं असेल, तर आमच्या येण्याने काही होत नाही. ते फोनवर कळलं तर पोलिसांच्या नाक्यावरून जाण्याची एक फेरी वाचते.

औषध दुकानातला इन्शुलिनचा फ्रिज, दवाखान्यातला लशींचा फ्रिज, रक्तपेढी ही कामं सर्वांत आधी. कोविशील्ड काय किंवा कोव्हॅक्सिन काय, दोन्ही २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागत. आमचा माणूस येईपर्यंत दार उघडू नका. बेदाण्याचं आणि भाजीचं कोल्ड स्टोरेज त्याच्या खालोखाल. घरातला एसी आणि दुकानातला शीतपेयांचा फ्रिज टाळेबंदीत आम्ही घेणार नाही. आमची मुलंही कोणाच्या तरी घरची आहेत आणि उकाड्यासाठी त्यांना साथीत घराबाहेर काढणं आम्हाला पटत नाही. घरच्या फ्रिजमध्ये कोणाचं इन्शुलिन असेल तर तसं सांगा, ते काम आम्ही घेऊ.

कागद तयार ठेवा

नाक्यावरच्या पोलिसाला शीतकरणाची माहिती असण्याचं कारण नाही. त्याच्यासमोर कागद हवा. संस्थेच्या किंवा दुकानाच्या लेटरहेडवर चार ओळी पुरतात: यंत्र कुठे आहे, त्यात काय ठेवलं आहे, बिघाड कधी झाला, आणि येणाऱ्या कारागिराचं नाव व गाडी नंबर. खाली सही-शिक्का, सोबत तुमच्या अन्न परवान्याची किंवा औषध परवान्याची झेरॉक्स. सचिव हजर नसतील तर सही कोण करणार, हे आधीच ठरवा. दुसऱ्या जिल्ह्यातून भाग आणायचा असेल तर पास वेगळा लागू शकतो. २०२१ मध्ये जिल्हा ओलांडायला ई-पास होता. आदेश मोडल्यास पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १८८ लागायचं, आता भारतीय न्याय संहितेचं २२३ आहे. तेव्हा खोटं कारण लिहून पत्र देऊ नका. त्यात आमचा माणूस अडकतो.

सुट्या भागांचा प्रश्न सगळ्यांत अवघड. २० एप्रिल २०२१ पासून राज्यात किराणा-भाजीची दुकानंही सकाळी ७ ते ११ एवढीच उघडी होती. स्पेअरची दुकानं तर यादीतच नव्हती. तत्त्वाने भाग अत्यावश्यक असला तरी शटर बंद असेल तर उपयोग नाही. दूधसंस्था आणि कोल्ड स्टोरेजवाल्यांनी आपल्या यंत्राचा एक कॉन्टॅक्टर, रिले, कपॅसिटर आणि पंख्याची मोटर जागेवर ठेवावी. कोणता नंबर लागतो ते आम्ही सर्व्हिसिंगच्या वेळी कार्डावर लिहून देतो. ते कार्ड यंत्राला चिकटवलेलं असू द्या.

टाळेबंदीत येण्याचा वेगळा आकार आम्ही घेणार नाही. जाळी साफ करणं आणि गॅसचं प्रेशर तपासणं ही कामं फेब्रुवारीअखेर करून घ्या. मार्चमध्ये बेदाण्याचा हंगाम लागला की आमच्याकडे माणूस मोकळा नसतो.